प्रार्थनेत आपण नेमके कोणाशी बोलतो? त्र्यैक्य, पंडिता रमाबाई आणि एक जुना पेच

नगरवासी (मूळ लेखन)

नमस्कार. आमच्या चर्चमध्ये मी गेली काही वर्षे संडे स्कूलचा एक वर्ग घेते. पेंटेकॉस्टनंतरचा (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणानंतरचा) पहिला रविवार त्र्यैक्याचा, म्हणजे एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा आहे या शिकवणीचा, रविवार म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी मुलांना त्र्यैक्य समजावून सांगण्याचे काम हमखास माझ्याकडे येते. मी दरवर्षी तेच करते: पाणी, बर्फ आणि वाफ. यंदा फळ्यावर बर्फाचा चौकोन काढत असतानाच नऊ वर्षांच्या एका मुलाने विचारले, "टीचर, प्रार्थना करताना आपण यातल्या कोणाशी बोलतो? बर्फाशी की पाण्याशी?" वर्ग हसला, मीही हसले, पण उत्तर दिले नाही, कारण ते माझ्याजवळ नव्हते.

घरी आल्यावर मी स्वतःची प्रार्थना तपासून पाहिली. सुरुवात "हे स्वर्गीय पित्या" अशी होते, मध्येच मी "प्रभू येशू, तू आमच्यासाठी क्रूसावर प्राण दिलास" असे म्हणते, आणि शेवटी "येशूच्या नावाने मागते, आमेन". पवित्र आत्म्याचे नाव येते ते उपासनेच्या शेवटी, पाळकसाहेब आशीर्वाद देतात तेव्हा. त्र्यैक्याचा सिद्धांत उद्या कोणी रद्द केला तर माझ्या प्रार्थनेतले एक वाक्यही बदलणार नाही, हे लक्षात आले तेव्हा मी जरा घाबरले. कार्ल राहनर या जर्मन कॅथलिक धर्मपंडितांनी १९६० च्या दशकात नेमके हेच नोंदवले होते, की बहुतेक ख्रिस्ती माणसे तोंडाने त्र्यैक्य मानतात, पण प्रत्यक्ष जगण्यात ती निव्वळ एकेश्वरवादी असतात.

या निमित्ताने मी पंडिता रमाबाईंची पत्रे पुन्हा काढली. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे, मुलगी मनोरमा हिच्यासह झाला. त्यापूर्वी कलकत्त्यात त्यांची ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांच्याशी भेट झाली होती आणि पुण्यात प्रार्थना समाजाच्या मंडळींत त्यांचा वावर होता. ईश्वर एकच आणि तो सर्वांचा पिता, एवढे त्यांच्या मनात पक्के बसलेले होते. बाप्तिस्म्याला दोन वर्षे होण्याच्या आतच, चेल्टनहॅमला असताना, त्यांनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि तेथील कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांना कळवले की त्र्यैक्याचा सिद्धांत त्यांना पटत नाही. अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार (श्रद्धेची ठरावीक कबुली), ज्यात हे न मानणाऱ्याचा नाश होईल असे बजावलेले आहे, तो तर त्यांना मुळीच मान्य नव्हता. भारतातल्या पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर आता तसल्याच दुसऱ्या जोखडाखाली मान देण्याची आपली तयारी नाही, अशा अर्थाचे त्यांनी १८८५ च्या मे महिन्यात लिहिले.

पुढची गोष्टही त्यांनी स्वतःच सांगितली आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जी मोठी आध्यात्मिक जागृती झाली ती तर सर्वस्वी पवित्र आत्म्याच्या नावाने झाली. ज्या बाई सिद्धांताला अडखळल्या, त्याच बाई उत्तरायुष्यात पिता, पुत्र आणि आत्मा या तिघांना धरून जगल्या. मग सिद्धांत निरुपयोगी होता, की तो त्यांच्यापुढे भलत्याच टोकाने धरला गेला होता? माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे, पण जाणकारांचे म्हणणे ऐकायला आवडेल.

तर्कट

नगरवासीताई, प्रामाणिक लेखनाबद्दल अभिनंदन. मी ख्रिस्ती नाही आणि आस्तिकही नाही, त्यामुळे बाहेरून विचारतो. "देव एकच" असे म्हणायचे, मग तिघांची नावे घ्यायची, आणि कोणी मोजायला लागले की "हे गूढ आहे" असे सांगायचे, याला सामान्य माणसाने काय म्हणावे? आमच्याकडे ब्रह्मा, विष्णू, महेश आहेत. ते तीन आहेत असे आम्ही सरळ सांगतो. रमाबाईंना जे खटकले ते कोणत्याही तर्कशुद्ध माणसाला खटकेल. आणि तुमच्या प्रार्थनेत जर काहीच बदलणार नसेल, तर हा सिद्धांत हवा कशाला?

उत्तर वसई

तुमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला आमच्या मिस्साविधीत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, थेट उत्तर आहे, आणि ते इतके रोजचे आहे की आमचेही तिकडे लक्ष जात नाही. मिस्सामधली मुख्य प्रार्थना पित्याला उद्देशून असते. ती पुत्राच्या द्वारे केली जाते. आणि पवित्र आत्म्याच्या ऐक्यात केली जाते. ख्रिस्तयागाच्या प्रार्थनेच्या शेवटी धर्मगुरू भाकर आणि प्याला उंच धरतात, तेव्हा "त्याच्याद्वारे, त्याच्यासह, त्याच्याठायी" असे तीन शब्द येतात आणि तो सगळा गौरव पित्याकडे जातो. लोक "आमेन" म्हणतात आणि पुढच्या प्रार्थनेसाठी उभे राहतात. म्हणजे प्रश्न "तिघांपैकी कोणाशी" असा नाहीच. एकाकडे तोंड आहे, एकाच्या हाताला धरून जायचे आहे, आणि एकाच्या श्वासावर बोलायचे आहे.

मला क्रूसाची खूण माझ्या आजीने शिकवली. माझा उजवा हात आपल्या हातात धरून ती तो कपाळावर, छातीवर आणि दोन्ही खांद्यांवर टेकवायची, आणि "नावाने" हा शब्द एकदाच, सगळ्यात शेवटी म्हणायची. तिघांची नावे, पण "नावांनी" नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २८ व्या अध्यायातही "नाव" एकवचनीच आहे, हे मला फार पुढे कळले. आजीला ते माहीत असण्याचे कारण नव्हते. तिचा हात मात्र बरोबर फिरत होता.

जुना पाठक

तर्कट यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर गणित थोडे बाजूला ठेवून चौथ्या शतकात जावे लागेल, कारण हा सिद्धांत गणितातून निघालेला नाही, उपासनेतून निघालेला आहे. ख्रिस्ती लोक पहिल्या शतकापासून येशूला प्रार्थना करत होते आणि पिता, पुत्र व आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देत होते. आलेक्झांड्रियाच्या एरियसने प्रश्न टाकला, की पुत्र जर निर्माण केलेला असेल, भले सर्वांत श्रेष्ठ असेल, तर तो देव कसा? हा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. उलट एकेश्वरवाद जपण्याची ती तळमळ होती. ३२५ मध्ये निकेया येथे धर्माध्यक्षांची परिषद भरली आणि पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे असे तिने ठरवले. तरीही वाद मिटायला ३८१ ची कॉन्स्टँटिनोपलची परिषद यावी लागली. मधल्या काळात निकेयाचा निर्णय लावून धरणाऱ्या आलेक्झांड्रियाच्या धर्माध्यक्ष अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. नीसाच्या ग्रेगरीने त्या दिवसांचे वर्णन करून ठेवले आहे: तुम्ही पावाचा भाव विचारावा, तर पाववाला सांगणार की पिता मोठा आणि पुत्र लहान, स्नानगृहात पाणी तापले का म्हणून विचारावे, तर नोकर म्हणणार की पुत्र शून्यातून निर्माण झाला. (आपल्या संकेतस्थळावरचे काही धागे मला याहून वेगळे वाटत नाहीत.)

अथनेशियसचा मुद्दा संबंधाचा होता. पुत्र जर निर्मित असेल, तर त्याच्याशी जोडला गेलेला माणूस एका निर्मित वस्तूशीच जोडला गेला. देव होता तिथेच, दूर राहिला. एखाद्या मोठ्या साहेबाने आपला शिपाई पाठवावा, शिपायाने फार प्रेमाने बोलावे, आणि साहेबाचे मन कसे आहे ते मात्र कधीच कळू नये, अशी ती स्थिती होते. येशूच्या चेहऱ्यामागे दुसरा, अनोळखी, कदाचित कठोर असा देव लपलेला नाही, हे निकेयाच्या "पित्याच्याच तत्त्वाचा" या शब्दांचे मर्म आहे. माणूस देवाजवळ धास्तावून जातो की विश्वासाने जातो, हे पुष्कळदा एवढ्याच गोष्टीवर अवलंबून असते.

उत्तर वसई यांनी "द्वारे", "सह", "ठायी" या शब्दांकडे लक्ष वेधले ते फार योग्य झाले, कारण याच छोट्या शब्दांवरून एकदा मोठे वादळ उठले होते. ३७४ च्या सुमारास कैसरियाचा धर्माध्यक्ष बॅसिल गौरवगान म्हणताना कधी "पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्यात" असे म्हणे, तर कधी "पुत्रासह, पवित्र आत्म्यासह" असे म्हणे. लोकांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्याने या अव्ययांवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की देव आपल्याकडे कसा येतो ते सांगताना "द्वारे" आणि "ठायी" योग्य, आणि तो स्वतः कसा आहे ते सांगताना "सह" योग्य. नगरवासीताईंची "येशूच्या नावाने मागते" ही ओळ त्या "द्वारे"चीच वारस आहे.

तर्कट

माहिती रंजक आहे, पण माझा प्रश्न तसाच राहिला. "द्वारे" मला समजते. मध्यस्थ सगळ्याच धर्मांत असतात. एक परमेश्वर, एक थोर मध्यस्थ आणि एक प्रेरणा, एवढ्यावर का भागत नाही? तिघांनाही देव म्हणण्याने भक्ताच्या पदरात जास्तीचे काय पडते?

जुना पाठक

सरळ उत्तर देतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात येशू पित्याला म्हणतो, की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. देव जर अनादिकाळापासून एकटाच असेल, तर सृष्टी होण्यापूर्वी त्याने कोणावर प्रेम केले? प्रेम हा त्याचा स्वभाव म्हणायचा, तर ते करायला त्याला जग निर्माण होईपर्यंत थांबावे लागले. मग जग ही त्याची गरज ठरते आणि आपण ती भागवणारे ठरतो. आणि जिथे गरज आली तिथे देवाणघेवाण आली: मी नवस फेडतो, तू पाव. त्र्यैक्य मानले की देवाला आपली गरज उरत नाही, कारण प्रेम त्याच्या ठिकाणी आधीपासूनच चालू आहे. आपल्याला आत घेतले जाते ते निव्वळ कृपेने. बाराव्या शतकात सेंट व्हिक्टरच्या रिचर्डने याच्याही पुढे जाऊन म्हटले, की दोघांचे प्रेम तिसऱ्याला सामावून घेते तेव्हाच ते पूर्ण होते. हा युक्तिवाद सिद्धता म्हणून मला थोडा लंगडा वाटतो, पण त्याचा रोख बरोबर आहे.

आळंदीकर

मी वारकरी घरातला आहे, आणि हा धागा वाचताना मला अमृतानुभवाचे पहिले प्रकरण आठवत राहिले. तिथे शिव आणि शक्ती असे दोघे आहेत, एकमेकांवाचून त्यांचे पान हलत नाही, आणि दोघे मिळून दुसरेपण मात्र होत नाही. एकात दोन आणि दोनात एक हे ऐकायची मराठी कानाला सवय आहे, त्यामुळे तर्कट म्हणतात तेवढे हे आपल्याला परके वाटू नये. बंगालमध्ये ख्रिस्ती संन्यासी ब्रह्मबांधव उपाध्यायांनी १८९८ मध्ये त्र्यैक्याची स्तुती सत्, चित्, आनंद अशा शब्दांत गायिली होती, आणि त्याआधी केशवचंद्र सेनांनी तोच धागा पकडला होता. नारायण वामन टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त "माउली" होऊन येतो, तेव्हा तर भाषा सरळ आमच्या घरचीच वाटते.

जुना पाठक

आळंदीकर, आपल्या प्रतिसादाने आनंद झाला. एक फरक मात्र नोंदवतो. ज्ञानदेवांची जोडी शेवटी एका निखळ अद्वयात विरते, आणि सांगणारा वंदन करता करता वंदनाचेच भान हरपतो. ख्रिस्ती परंपरेत पिता पुत्र होत नाही आणि पुत्र पिता होत नाही, कधीच नाही. आणि भक्तही विरून जात नाही, मूल म्हणून उरतो. एकरूप होणे आणि घरात घेतले जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

शब्दवेडी

मला एका शब्दाविषयी बोलायचे आहे. आपण मराठीत "एक देव, तीन व्यक्ती" असे म्हणतो. रोजच्या मराठीत व्यक्ती म्हणजे माणूस; "सभेला तीन व्यक्ती आल्या". त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तीन स्वतंत्र असामी उभ्या राहतात. उलट व्युत्पत्ती पाहावी तर व्यक्ती म्हणजे जे व्यक्त होते ते. म्हणजे एकच देव तीन रूपांत प्रकट होतो असा अर्थ निघतो, आणि पाणी, बर्फ, वाफ हे उदाहरण नेमके तेच शिकवते. तिसऱ्या शतकात सबेलियसच्या नावाने जे मत चर्चने नाकारले ते हेच. एकाच शब्दात दोन्ही बाजूंचे खड्डे असावेत, हे मोठे गमतीचे आहे. पण ऑगस्टीन या प्राचीन धर्मपंडितानेही "व्यक्ती"साठीच्या लॅटिन शब्दाबद्दल कबूल केले होते, की "तीन व्यक्ती" असे आपण म्हणतो ते काही सांगता येते म्हणून नव्हे, तर गप्प बसता येत नाही म्हणून.

"त्र्यैक्य" हा शब्द मात्र मला आवडतो. त्रि अधिक ऐक्य. मोजणी आणि जोडणी दोन्ही त्यात आहेत. "त्रिमूर्ती"त हे ऐक्य नाही, त्यामुळे तर्कट यांची तुलना तिथेच थांबते.

मूकवाचक

मी इथे क्वचितच लिहिते. गेल्या वर्षी माझ्या आईच्या शेवटच्या आजारात मी अठरा दिवस तिच्या खाटेजवळ होते. पहिले काही दिवस मी प्रार्थना केली, शब्द लावून, नीट. नंतर शब्द संपले. रात्री सलाइनच्या नळीतले थेंब मोजत बसायचे आणि "देवा" एवढेही तोंडातून निघायचे नाही. माझी श्रद्धा गेली असे मी स्वतःशी ठरवून टाकले होते. एका पाळकांनी मला रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचायला सांगितला. तिथे लिहिले आहे, की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. त्याच अध्यायात "अब्बा, बापा" अशी हाक आहे, आणि ती आपण आत्म्याच्या योगे मारतो असे म्हटले आहे.

तोपर्यंत पवित्र आत्मा म्हणजे माझ्या लेखी कबुतराचे चित्र होते. त्या रात्रींत मी गप्प होते, पण माझ्या आत प्रार्थना थांबलेली नव्हती. देवच देवाशी माझ्या वतीने बोलत होता. तर्कट यांनी "जास्तीचे काय" असे विचारले, म्हणून लिहिले. प्रेरणा कण्हत नाही.

एक अडचणही सांगते. आमच्या महिला मंडळात अशा काही जणी आहेत, की "बाप" हा शब्द ऐकताच त्यांना दारूचा वास आणि पट्ट्याचा आवाज आठवतो. त्यांना "स्वर्गीय पिता" म्हणायला लावणे मला जमत नाही.

नगरवासी

मूकवाचकताई, तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले. आई गेल्याचे वाचून वाईट वाटले.

"बाप" या शब्दाबद्दल रमाबाईंचीच एक गोष्ट सांगते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात, भुकेने खंगून अखेरच्या घटका मोजत असताना, त्यांनी धाकट्या रमेला मिठीत घेऊन सांगितले, की मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, तू त्याची आहेस. सांगणारे वैष्णव होते, ऐकणारी सोळा वर्षांची होती, आणि हे शब्द रमाबाईंनी ख्रिस्ती झाल्यावर कित्येक वर्षांनी, आपल्या साक्षीत, कृतज्ञतेने लिहून ठेवले. देवाला पिता म्हणणे त्यांना जड गेले नसावे, असे मला वाटते. ज्यांना असा बाप मिळाला नाही त्यांनी कुठून सुरुवात करावी? चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीने म्हटले आहे, की "पिता" हे देवाच्या तत्त्वाचे किंवा कृतीचे नाव नाही, नात्याचे नाव आहे. म्हणजे आपल्या घरच्या बापावरून देव मोजायचा नाही. येशू ज्याला अब्बा म्हणतो तो कसा आहे, हे येशूकडे पाहून कळून घ्यायचे. त्या बहिणींनी हवे तर टिळकांच्या "माउली"पासून सुरुवात करावी. पुत्राच्या दाराने आत गेले तरी घर तेच आहे.

माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. आता मला असे दिसते, की रमाबाईंना त्र्यैक्य परीक्षेच्या पेपरासारखे दिले गेले: आधी हे मान्य करा, मग आत या. वाँटेजमध्ये त्यांना मिळालेल्या क्रूसावर लॅटिन वचन कोरलेले होते, आणि त्यावर त्यांनी विचारले होते, की लॅटिनमध्ये असे काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही? त्र्यैक्यही त्यांच्यापर्यंत असेच पोचले, दुसऱ्याच्या भाषेत कोरलेले. पुढे त्या आत गेल्या ते निराळ्या वाटेने, आणि आत गेल्यावर त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणायला उरलेले आयुष्य दिले. सिद्धांत चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण नकाशा आधी पाठ करायला लावून प्रवास नंतर करा म्हटले, तर पुष्कळ लोक नकाशाशीच भांडत बसतात.

गेल्या रविवारी त्या मुलाला मी सांगितले, की आपण पित्याशी बोलतो, पण एकटे बोलत नाही. येशू आपल्याबरोबर बोलतो, आणि बोलायची ताकद आत्मा देतो. तो म्हणाला, "मग बर्फ कोण?" बर्फ पुसून टाकला आहे.

तर्कट

माझे मत बदललेले नाही, हे नम्रपणे नोंदवतो. तीन आणि एक यांचा हिशेब मला अजून लागत नाही. पण हा हिशेब नाहीच असे तुम्ही म्हणता, ते निदान समजले. मूकवाचकताईंच्या शेवटच्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नाही. रमाबाईंची ती पत्रे कुठे वाचायला मिळतील?

नगरवासी

महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ती इंग्रजीत प्रसिद्ध केली, संपादन अ. भि. शहा यांचे आहे. १८८५ ची पत्रे आधी वाचा, आणि डोरोथिया बील यांची उत्तरे गाळू नका. रमाबाईंच्या बाजूने वाचताना बील यांचा राग येतो, पण त्या बाईंनी प्रत्येक शंकेला मनापासून उत्तर दिले आहे.